इंग्लंडमधली जुनी कोचिंग इन कशी पाहावी आणि तिचे वय कसे ओळखावे

इंग्लंडमधल्या जुन्या बाजारपेठेच्या गावात मुख्य रस्त्यावरून चालताना एखादी तरी अशी इमारत लागते, की जिच्या दर्शनी भिंतीत घोडागाडी आत शिरेल एवढी कमान असते आणि कमानीपलीकडे लांबट, फरसबंद चौक दिसतो. आज तिथे पब, हॉटेल किंवा दुकानांची गल्ली असते. पण सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८४० च्या दशकापर्यंत याच कमानीतून प्रवासी गाड्या आत येत, घोडे बदलत, उतारू जेवत किंवा मुक्काम करत आणि गाड्या पुढच्या टप्प्याला निघत. या वास्तूंना कोचिंग इन म्हणतात. त्यांतल्या काही तर त्याही आधीच्या, यात्रेकरू आणि व्यापारी यांच्यासाठी उभारलेल्या सराया होत्या. गाड्यांचे युग आले तेव्हा त्यांनी आपला चौक आणि पागा वाढवून घेतल्या.

पाहायला आलेले बहुतेक लोक रस्त्यावर उभे राहून पाटी वाचतात, दर्शनी भागाचे छायाचित्र घेतात आणि आत जाऊन बसतात. त्यात सर्वांत बोलका भाग पाहायचा राहून जातो. ही वास्तू गाडीच्या वाटेने पाहावी, असे माझे ठाम मत आहे. आधी रस्ता, मग कमान, मग चौक आणि पागा, त्यानंतर खोल्या आणि दर्शनी भिंत सर्वांत शेवटी. कारण सरायवाल्याचे उत्पन्न जेवणावळीवर आणि बिछान्यावर जेवढे होते, तेवढेच घोड्यांवर होते. इमारतीची लांबी, रुंदी आणि वाढ घोड्यांच्या हिशेबाने ठरली आहे. दर्शनी भिंत मात्र दर पिढीच्या हौसेप्रमाणे बदलत गेली आणि म्हणूनच वयाच्या बाबतीत ती सर्वांत कमी भरवशाची असते.

आधी रस्ता समजून घ्यावा

गावी पोहोचण्यापूर्वी नकाशावर पाहावे की ही सराई कोणत्या जुन्या महामार्गावर होती. लंडनहून यॉर्कमार्गे एडिंबरोला जाणारा ग्रेट नॉर्थ रोड, बाथ आणि ब्रिस्टलचा रस्ता, आयर्लंडच्या बोटीसाठी होलिहेडला जाणारा रस्ता हे मोठे मार्ग होते. या रस्त्यांची दुरुस्ती पूर्वी गावकऱ्यांच्या वेठीवर चाले आणि ती निकृष्ट असे. १६६३ मध्ये ग्रेट नॉर्थ रोडच्या एका भागावर संसदेच्या कायद्याने टोल बसवला गेला, हर्टफर्डशरमधल्या वेड्समिल इथे पहिला टोलनाका उभा राहिला आणि पुढच्या शतकात टोल घेऊन रस्ता राखणारी विश्वस्त मंडळे देशभर पसरली. रस्ता सुधारला तशी गाडी वेगाने धावू लागली, आणि गाडी वेगाने धावू लागली तसे घोडे वरचेवर बदलावे लागू लागले. सरायांची भरभराट या साखळीतून झाली.

२ ऑगस्ट १७८४ रोजी बाथच्या जॉन पामर याच्या योजनेनुसार पहिली सरकारी डाकगाडी ब्रिस्टलहून दुपारी चार वाजता निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास लंडनला पोहोचली. पूर्वीच्या व्यवस्थेत याच टपालाला ३८ तासांपर्यंत वेळ लागे. डाकगाडीला टोल माफ होता. तिच्यावरचा सशस्त्र रखवालदार टपालखात्याचा नोकर असे आणि त्याच्याजवळ कुलूपबंद पेटीत घड्याळ असे. नाक्यावरचे फाटक उघडून ठेवावे आणि सराईत ताजे घोडे तयार ठेवावेत म्हणून तो आधीच शिंग वाजवी. घोडे साधारण दहा मैलांवर बदलत आणि चांगले मोतद्दार ही बदली काही मिनिटांत उरकत.

या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग असा, की शेजारच्या मोठ्या गावांपासूनची अंतरे मोजावीत. सराई दोन मोठ्या गावांच्या मधल्या टप्प्यावर असेल तर तिथे मुख्यतः घोडे बदलत असत, म्हणजे पागा मोठी आणि खोल्या थोड्या सापडतील. दिवसभराच्या प्रवासाच्या शेवटी येणारे गाव असेल तर भोजनगृह, निजायच्या खोल्या आणि सभागृह यांचा पसारा मोठा असेल.

कमानीपाशी थांबावे

कमानीतून घाईने आत जाऊ नये. तिच्या दोन्ही पायांशी जमिनीलगत तिरके, गोलसर दगड किंवा लोखंडी ठोकळे बसवलेले दिसतात. चाकाचा आस भिंतीला घासू नये म्हणून ते असतात, आणि त्यांच्यावरची झीज हा त्या वाटेच्या वापराचा अगदी थेट पुरावा आहे. हाताने चाचपून पाहावे. शतकभराच्या घर्षणाने दगडाला आलेला गुळगुळीतपणा नव्याने बसवलेल्या दगडात नसतो.

मग मान वर करून कमानीचे छत पाहावे. इथे बहुतेक वेळा गिलावा नसतो, त्यामुळे वरच्या मजल्याच्या तुळया उघड्या दिसतात आणि दर्शनी भिंत विटांची असली तरी आतला सांगाडा लाकडी आहे की नाही ते इथेच कळते. कमानीची उंचीही नजरेने अजमावावी. गाडीच्या टपावर बसणाऱ्या उतारूंचे भाडे आत बसणाऱ्यांच्या सुमारे निम्मे असे, म्हणून टपावर गर्दी असे. बुटक्या कमानीतून जाताना त्यांना वाकावे लागे, नाही तर जिवावर बेतण्याची भीती होती. कमान फारच बुटकी असेल तर ती गाड्यांच्या काळापूर्वीची, घोडेस्वार आणि लादलेल्या जनावरांच्या काळातली असण्याचा संभव असतो. काही ठिकाणी कमान काचा लावून बंद केलेली असते आणि तिचे हॉटेलचे स्वागतदालन झालेले असते. इमारतीच्या मानाने विलक्षण रुंद दालन दिसले आणि त्याची दोन्ही टोके एका रेषेत उघडत असली, तर ती जुनी गाडीवाट समजावी.

चौक आणि सज्जे

चौकात आल्यावर मध्यभागी उभे राहून चारही बाजूंची बांधणी न्याहाळावी. जुन्या इंग्रजी सरायांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एका प्रकारात मुख्य इमारत रस्त्याला समांतर उभी असते आणि कमान तिच्या मधून जाते. ग्रँटम इथली एंजल अँड रॉयल ही या प्रकारची. तिची दगडी दर्शनी भिंत पंधराव्या शतकातली आहे आणि १४८३ मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकच्या बंडाच्या वेळी तिसरा रिचर्ड राजा तिथे मुक्कामी होता. ग्लास्टनबरीची जॉर्ज अँड पिलग्रिम्स हीसुद्धा याच घडणीची असून ती तिथल्या मठाचे अधिपती जॉन सेलवुड यांनी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधवली.

दुसऱ्या प्रकारात चौकाच्या सगळ्या बाजूंनी इमारत असते आणि वरच्या मजल्यांना चौकाकडे उघडणारे लाकडी सज्जे असतात. ज्याने चौसोपी वाडा पाहिला आहे त्याला ही रचना लगेच उमगेल. खोल्यांची दारे सज्जात उघडतात आणि घरात स्वतंत्र बोळ नसतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न जाता प्रत्येक पाहुण्याला आपल्या दारापर्यंत पोहोचता यावे, हा सज्जाचा हेतू. ग्लॉस्टरच्या नॉर्थगेट रस्त्यावरची न्यू इन हा या प्रकारचा इंग्लंडमधला सर्वांत पूर्ण राहिलेला मध्ययुगीन नमुना आहे. दुसऱ्या एडवर्ड राजाच्या समाधीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी सेंट पीटरच्या मठाने ती १४५० च्या सुमारास उभारली. वेळ थोडा असेल आणि एकच सराई पाहायची असेल तर ती हीच पाहावी.

बऱ्याच ठिकाणी थंडीवाऱ्यामुळे हे सज्जे पुढे भिंत आणि खिडक्या घालून बंद करून टाकले गेले. असा बुजवलेला सज्जा ओळखण्याची खूण अशी, की वरच्या मजल्यावर चौकाच्या बाजूने लांब, अरुंद बोळ असतो, त्याची बाहेरची भिंत आतल्या भिंतीपेक्षा पातळ असते आणि तिच्यात ठराविक अंतराने जुने खांब अर्धवट बाहेर डोकावतात.

लंडनमध्ये सज्जांची कोचिंग इन आता एकच उरली आहे आणि ती म्हणजे सदर्कमधली जॉर्ज. लंडन ब्रिज स्थानकापासून ती चालत काही मिनिटांवर, बरो हाय स्ट्रीटच्या मागे आहे. ती तिथे का, याचे उत्तर नदीत आहे. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत लंडन शहराला थेम्सवर लंडन ब्रिज हा एकच पूल होता. केंट, सरे आणि ससेक्सकडून येणारी सगळी वाहतूक या पुलाच्या दक्षिण टोकाशी एकवटत असे आणि रात्री पुलाची दारे बंद होत. त्यामुळे या एका रस्त्याला सरायांची रांगच लागली होती. १५९८ मधल्या शहरवर्णनात जॉर्जबरोबर टॅबार्ड, व्हाइट हार्ट, किंग्ज हेड, क्वीन्स हेड अशी नावे एकामागून एक येतात. त्या सराया गेल्या, पण रस्त्याच्या पूर्वेकडच्या चिंचोळ्या गल्ल्यांच्या पाट्या वाचत चालावे. व्हाइट हार्ट यार्ड, किंग्ज हेड यार्ड, टॅल्बट यार्ड या गल्ल्या म्हणजे त्याच सरायांचे चौक आहेत. टॅबार्डचे नाव पुढे टॅल्बट झाले होते. इमारत पाडली गेली तरी जमिनीची वाटणी आणि गाडीची वाट सहसा बदलत नाही, हे इथे डोळ्यांना दिसते.

जॉर्जची आजची इमारत १६७७ ची आहे, कारण १६७६ च्या आगीत सदर्कचा मोठा भाग जळून गेला होता. नव्याने बांधतानाही मालकाने जुनीच सज्जांची रचना ठेवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते: तोवर धंद्याची गरज बदलली नव्हती आणि जुन्या रचनेने ती भागत होती. आज चौकाच्या दक्षिणेची एकच बाजू उभी आहे. तिच्या एका भागात वरच्या दोन मजल्यांवर लाकडी सज्जे आहेत आणि पुढचा भाग साध्या विटांचा आहे. उरलेल्या बाजू रेल्वेने घेतल्या. ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीने ही जागा मालाच्या साठवणीसाठी घेतली आणि १८८९ मध्ये दोन बाजू पाडून गोदामे बांधली. पुढे १९३७ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने वाचलेली बाजू नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिली. चौकात उभे राहून सज्जाची रेघ मनाने उरलेल्या बाजूंवर फिरवून पाहावी, म्हणजे मूळ वास्तूचा आकार किती मोठा होता ते ध्यानात येते.

पागा शोधावी

पागा चौकाच्या मागच्या अंगाला असते आणि आज तिच्या जागी गाडीतळ किंवा हॉटेलच्या जोडखोल्या असतात. लांब, ठेंगणी इमारत, खालच्या भिंतीत उंचावर लहान खिडक्या आणि वरच्या मजल्याला हवेत उघडणारे दार ही तिची लक्षणे. त्या दारातून गवताचे भारे वर चढवत. दाराच्या वर कप्पी टांगायचा लाकडी दांडा असला तर तो आवर्जून पाहावा. एका घोड्याला पाच-सहा फूट रुंदीची जागा लागे, म्हणून पागेची लांबी पावलांनी मोजून किती घोडे राहत असतील याचा अंदाज करता येतो. फरशीत दोन समांतर सपाट पट्ट्या आणि मधे ओबडधोबड गोटे अशी रचना असेल, तर पट्ट्या चाकांसाठी आणि गोटे घोड्यांच्या टापांना पकड मिळावी म्हणून आहेत. चौकातून मागच्या गल्लीत निघणारी दुसरी वाटही शोधावी. चार घोड्यांची गाडी अरुंद चौकात वळवण्यापेक्षा मागून बाहेर काढणे सोपे असे.

हा धंदा केवढा मोठा होता ते लंडनच्या विल्यम चॅपलिन यांच्यावरून समजते. स्वान विथ टू नेक्स या सराईसह अनेक सराया त्यांच्या हाती होत्या आणि हजाराहून अधिक घोडे त्यांच्या पदरी होते. रेल्वेचे पाऊल ओळखून त्यांनी आपले भांडवल वेळीच काढून घेतले आणि पुढे ते लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचे अध्यक्ष झाले.

आतल्या खोल्या

आत गेल्यावर कोणत्या खोलीला कुठून दार आहे ते पाहावे, कारण खोल्यांची विभागणी माणसाच्या ऐपतीप्रमाणे होती. गाडीवान, मोतद्दार आणि हमाल यांच्यासाठी चौकाच्या बाजूला, स्वतंत्र दाराचे साधे मद्यगृह असे. आत बसून आलेल्या उतारूंसाठी रस्त्याकडे तोंड असलेले लाकडी तक्तपोशीचे भोजनगृह असे. स्टॅम्फर्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये प्रवेशाच्या दोन बाजूंना दोन खोल्या आहेत आणि त्यांच्या दारांवर अनुक्रमे लंडन आणि यॉर्क अशी नावे लिहिलेली आहेत. दक्षिणेला जाणारे एका खोलीत आणि उत्तरेला जाणारे दुसऱ्या खोलीत गाडीची वाट पाहत. याच सराईची पाटी रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टाकलेल्या आडव्या तुळईवर आहे आणि लांबून येणाऱ्या गाडीवानाला ती दिसल्यावाचून राहत नसे. मुख्य रेल्वेमार्ग स्टॅम्फर्डऐवजी पीटरबरोवरून गेला आणि त्यामुळे गावाचा व्यापार ओसरला, पण जुनी वास्तू पाडून नवी बांधण्याची निकडही कोणाला भासली नाही.

वरच्या मजल्यावर उंच खिडक्यांचा लांब दिवाणखाना असेल तर ते सभागृह होय. अठराव्या शतकात गावातल्या प्रतिष्ठितांचे नाच, मेजवान्या आणि निवडणुकीच्या बैठका इथे होत. श्रूझबरीच्या लायन हॉटेलमधले नृत्यगृह या प्रकारात फार सुंदर आहे.

सदर्कच्या जॉर्जमध्ये तळमजल्यावर भिंतीवरचे मोठ्या तबकडीचे घड्याळ पाहावे. अशा घड्याळांना संसदेच्या कायद्याचे घड्याळ म्हणतात. १७९७ मध्ये घड्याळांवर वार्षिक कर बसला, घरगुती घड्याळाला पाच शिलिंग; लोकांनी घड्याळे ठेवणे सोडले आणि म्हणून सरायवाल्यांनी ही मोठी घड्याळे लावली, अशी गोष्ट सांगितली जाते. कर खरा आहे आणि तो १७९८ मध्ये रद्दही झाला. परंतु अशा घड्याळांची घडण त्याच्या कित्येक दशके आधीपासून होत होती. गाडीच्या वेळा पाळणाऱ्या जागेला दुरून वाचता येणारे घड्याळ कराशिवायही हवेच होते.

दर्शनी भिंत आणि लाकूडकाम

आता रस्त्यावर परत यावे. विटांची सपाट भिंत, समान अंतरावर सरकत्या तावदानांच्या उंच खिडक्या आणि दारावर त्रिकोणी माथा असे रूप असेल तर ती अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची भिंत आहे. मागची इमारत तिच्याहून दोनतीनशे वर्षे जुनी असू शकते. बाजूच्या बोळातून छपराचा उतार पाहावा. दर्शनी भिंतीच्या कठड्यामागे तीव्र उताराचे जुने कौलारू छप्पर लपलेले दिसले, तर भिंत नंतर चिकटवलेली आहे. विटांनी बुजवलेल्या खिडक्या दिसल्या की १६९६ ते १८५१ या काळातल्या खिडकीपट्टीचे कारण सांगितले जाते; ते पुष्कळदा खरे असते, परंतु केवळ सममिती साधण्यासाठी पहिल्यापासूनच आंधळी ठेवलेली खिडकीही असते, तेव्हा आतल्या बाजूने पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये.

काळ्या लाकडाची आणि पांढऱ्या गिलाव्याची भिंत दिसली तर अधिक सावध राहावे. १९२० आणि १९३० च्या दशकांत मद्यकंपन्यांनी जुना देखावा निर्माण करण्यासाठी विटांच्या भिंतींवर पातळ फळ्या ठोकून असंख्य पब उभारले. खऱ्या सांगाड्यात लाकूड जाड असते, ते ओले असतानाच घडवलेले असल्यामुळे वाळताना पिळवटलेले असते, सांध्यांत ओकच्या खुंट्या असतात आणि क्वचित सुताराने सांधे जुळवण्यासाठी कोरलेले रोमन आकड्यांसारखे चरे दिसतात. खांबांच्या मधला खण काठ्यांच्या कुडाने आणि माती, शेण, गवत यांच्या लेपाने भरलेला असतो. वरचा मजला खालच्यापेक्षा रस्त्यावर पुढे आलेला असेल तर तुळयांची टोके खालून मोजून पाहावीत. लाकूड काळेभोर रंगवण्याची पद्धत बव्हंशी एकोणिसाव्या शतकातली आहे, म्हणून रंगावरून वय ठरवू नये.

कागदपत्रांचा आधार

पाटीवरचा स्थापनेचा सन आणि राणी एलिझाबेथ इथे झोपली होती अशा कथा कागदाशिवाय मानू नयेत. सर्वप्रथम हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेची राष्ट्रीय वारसा यादी संगणकावर विनामूल्य पाहावी. इमारत नोंदलेली असेल तर तिची श्रेणी आणि बांधणीचे वर्णन मिळते. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातले गावांचे मोठ्या मापाचे सर्वेक्षण नकाशे आहेत. त्यांत चौक, पागा आणि कमान इतक्या बारकाईने काढलेली असतात, की आजच्या नकाशाशी ताडून पाहिल्यास काय पाडले गेले ते चटकन कळते.

१६८६ मध्ये सैन्याच्या मुक्कामासाठी लष्करी खात्याने देशभरातल्या सरायांमधले बिछाने आणि घोड्यांच्या जागा मोजल्या. ती वही क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि एखाद्या गावाचे महत्त्व जोखायला तिच्यासारखे साधन नाही. सरायवाल्याच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या परगण्याच्या दप्तरखान्यात मिळतात. त्यांत खोलीगणिक सामान लिहिलेले असते आणि खोल्यांना आकड्यांऐवजी नावे असतात, त्यामुळे इमारतीत फिरत फिरत ती यादी वाचता येते. जुन्या वर्तमानपत्रांतल्या विक्रीच्या जाहिरातीही चाळाव्यात. पागेत किती घोडे मावतात हे त्यांत बहुधा अभिमानाने सांगितलेले असते, आणि आपण पावलांनी केलेला अंदाज त्या आकड्याशी पडताळता येतो. मात्र शोध नावाने घेताना जपावे, कारण मालक बदलला की पाटी बदले आणि एकच नाव गावात दोन वेगवेगळ्या जागांना निरनिराळ्या काळी असू शकते.

चौक खाजगी असतो, तेव्हा मोजमाप घेण्यापूर्वी आणि वरच्या मजल्यावर जाण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावे. गिऱ्हाइकांची वर्दळ नसलेली दुपारची वेळ निवडली तर बहुधा नकार मिळत नाही आणि पुष्कळदा तळघरही दाखवले जाते. पागेचे, कमानीच्या छताचे आणि सुताराच्या खुणांचे स्पष्ट छायाचित्र मिळाले असेल तर वारसा यादीतल्या त्या इमारतीच्या नोंदीला ते जोडावे. सामान्य वाचकालाही तिथे छायाचित्रे आणि माहिती देता येते, आणि मागच्या अंगाच्या पागांची चित्रे त्या यादीत फार थोडी आहेत.